एक्झॉटिक म्हणजे किती रुपये किलो?

परवा शनिवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर सोसायटीच्या गेटसमोर एक हातगाडी उभी. गाडीवर लाल-गुलाबी फळांचा ढीग आणि गाडीवाला ओरडतोय, "ड्रॅगन घ्या ड्रॅगन, शंभरला चार!" शेजारच्या गाडीवर पेरू होते. पेरूवाला काही ओरडत नव्हता. त्याला गरजच नव्हती.

बाकी कोणाला यात काही विशेष वाटलं नसेल. मी मात्र दुधाची पिशवी हातात धरून दोन मिनिटं तसाच उभा. कारण चार वर्षांपूर्वी याच फळाच्या जोरावर मी नोकरी सोडायचं गणित मांडलं होतं. त्या गणितात किलोला दीडशे रुपये भाव धरला होता, तोही शेतावरचा. आणि खाली टीप लिहिली होती, 'हा अंदाज कन्झर्वेटिव्ह आहे'. हसू नका. आयटीतल्या दर तिसऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर अशी एक एक्सेल शीट असते. कोणाची गीर गाईंची, कोणाची होमस्टेची. माझी ड्रॅगन फ्रूटची होती, एवढंच.

तर झालं असं की...

या फळाची आणि माझी पहिली ओळख काही फार चांगली नव्हती. दहा-बारा वर्षांपूर्वी एका मॉलमध्ये थर्माकोलच्या ताटलीत, वरून प्लॅस्टिक ताणून बसवलेलं एक फळ मी घरी आणलं. बाहेरून काय तो थाट! लालभडक साल, त्यावर हिरव्या पाकळ्यांसारखे खवले. कापलं तर आत पांढरा गर आणि त्यात काळ्या बारीक बिया. घरातल्या सगळ्यांनी आपापली फोड घेतली आणि मग एक शांतता पसरली. शेवटी आई म्हणाली, "सब्जा घातलेला कच्चा बटाटा वाटतोय." विषय संपला. पुढची कित्येक वर्षं आमच्याकडे या फळाचं नाव 'बटाटा' असंच होतं. डेंग्यूच्या दिवसांत लोक किवीबरोबर हेही पेशंटला घेऊन जायला लागले, प्लेटलेट वाढतात म्हणे. त्याला काही भक्कम आधार नाही. पण आजारी माणसाला आधीच तोंडाला चव नसते, त्यामुळे फळावर आळ येत नाही, एवढा फायदा नक्की.

मग २०२१ साल आलं. घरून काम, डोक्यावर छप्पर तेवढं आणि संध्याकाळ झाली की यूट्यूब. जानेवारीत गुजरात सरकारने या फळाचं नाव 'कमलम' ठेवायचं जाहीर केलं, त्यावरून आठवडाभर विनोद झाले. जूनमध्ये बातमी आली की सांगली जिल्ह्यातल्या तडसरचं ड्रॅगन फ्रूट दुबईला निर्यात झालं. ही बातमी मात्र मी विनोद म्हणून वाचली नाही. कारण सांगली जिल्ह्यातच, जत तालुक्यात, आमची वडिलोपार्जित जमीन आहे आणि ती माझा चुलतभाऊ कसतो. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो.

जत म्हणजे पाण्याची मारामार असलेला भाग. दादाने डाळिंब केलं होतं. चार वर्षं बरी गेली आणि मग तेल्या आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तेल्या हा डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग. फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं आणि बाग बघता बघता हातची जाते. दादाने दोन एकर बाग उपटून बांधावर पेटवली त्या दिवशी त्याचा फोन आला होता. तो काही बोलला नाही फारसं. "उपटली बघ," एवढंच.

आणि इथे मी! हातात बऱ्यापैकी पगार, पोटात एक जुनी अपराधी भावना (आपण शहरात एसीत, भाऊ उन्हात) आणि समोर एक व्हिडिओ, ज्यात टोपीवाला एक माणूस सांगतोय की ड्रॅगन फ्रूट म्हणजे निवडुंग आहे, पाणी कमी लागतं, माळरानावर येतं, एकदा लावलं की वीस वर्षं बघायला नको. यातलं पुष्कळसं खरंही आहे बरं का. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथे मुरमाड जमिनीवर या पिकाचा अभ्यास झालेला आहे. तेव्हा व्हिडिओ खोटा नव्हता. तो फक्त 'बघायला नको' या शब्दांवर फार लवकर संपला.

मी रात्री बसून शीट बनवली. एकराला साडेचारशे सिमेंटचे खांब, खांबाला चार रोपं. खांबामागे दहा किलो. किलोला दीडशे. म्हणजे एकरी पावणेसात लाख, दोन एकरांचे साडेतेरा. खर्च वजा जाता सुद्धा तिसऱ्या वर्षापासून मी मॅनेजरला नमस्कार करू शकत होतो. माझे सहा लाख, दादाची जमीन आणि मेहनत, नफा निम्मा-निम्मा. दादाला फोन केला. तो म्हणाला, "बघ बाबा. तुला पटत असंल तर करू." आता विचार करतो तेव्हा कळतं की त्याला पटलं नव्हतं. पण डाळिंब गेल्यावर कोणालाही नाही म्हणायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

आईला हे जेवताना सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "तू आजवर काय लावलंयस?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या हाताने लावलेलं, जगलेलं एक झाड सांग."

मी मनीप्लांट म्हणालो. तो बायकोने लावलेला निघाला. आता बोला!

"आधी कुंडीत एक लाव. त्याला फळ धरलं की मग सहा लाख घाल," आई म्हणाली. ऑफिसात आम्ही याला पायलट म्हणतो आणि क्लायंटकडून त्याचे वेगळे पैसे घेतो. घरी हा सल्ला वरणभातावर फुकट मिळाला, म्हणून की काय, मला तो अपमान वाटला. दादाला सांगितलं की आई असं म्हणते, जरा थांबू. तर तो हसला आणि जे बोलला ते अजून टोचतं. "तू कुंडीत लावून बघ, मी शेतात लावून बघतो. तुझी कुंडी मेली तर तू दुसरी आणशील."

असो. तर त्या ऑगस्टमध्ये मी एका नर्सरीतून लाल गराच्या जातीचे दोन तुकडे आणले. हो, तुकडेच. ड्रॅगन फ्रूट बियांपासूनही येतं, पण मग फळासाठी चार-पाच वर्षं वाट बघा. म्हणून फांदीचे हातभर लांब तुकडे लावतात. तेही लगेच नाही. कापलेली बाजू सावलीत चार-पाच दिवस सुकवायची, नाहीतर मातीत गेल्या गेल्या सडते. मला हे माहीत नव्हतं. पहिला तुकडा मी त्याच संध्याकाळी लावला, वर प्रेमाने तांब्याभर पाणी घातलं. दहा दिवसांत त्याची बुडाकडून चटणी झाली. म्हणजे माझ्या पायलट प्रोजेक्टचा मृत्युदर पहिल्या पंधरवड्यात पन्नास टक्के. शेतावर हेच केलं असतं तर? अठराशे रोपं गुणिले दोन.

दुसरा तुकडा जगला. निळा प्लॅस्टिकचा ड्रम अर्धा कापून, त्याला भोकं पाडून, मातीत वाळू आणि शेणखत मिसळून त्यात लावला. मध्ये एक जाड पाइप, पाइपच्या टोकाला जुन्या स्कूटरचा टायर. हे झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं, रानात दुसऱ्या झाडांच्या खोडांवर चढणारं. त्याला वर चढायला आधार लागतो आणि वरून खाली लोंबायला जागा लागते. लोंबलेल्या फांद्यांनाच बहुतेक फुलं येतात. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी गच्चीवर टायर बघून लगेच नोटीस काढली. मी त्यांना सांगितलं, फळ आलं की पहिलं तुम्हाला. ते म्हणाले, डासांची अळी झाली तर पहिला दंड तुम्हाला. मग टायरला भोकं पाडली.

पहिलं वर्ष फक्त चढण्यात गेलं. २०२२ च्या उन्हाळ्यात एप्रिल संपता संपता पश्चिमेकडच्या फांद्या पिवळ्या पडून वाळायला लागल्या. मी गोंधळलो. अरे, निवडुंग ना तू? वाळवंटात राहतोस ना? तर तसं नाही. याचं मूळ घर झाडांच्या सावलीतलं, त्याला आपलं मे महिन्याचं ऊन चटके देतं. वर हिरवी शेडनेट बांधली तेव्हा थांबलं. माझ्या शीटमध्ये शेडनेटची ओळच नव्हती. मी रात्री उठून ती ओळ घातली आणि पावणेसात लाखांतले काही हजार कमी झाले. मग ठिबक, मग खांबावरची रिंग, मग फांद्यांची छाटणी, मग मुंग्यांवरचं औषध. दर महिन्याला कुंडी मला एक नवीन ओळ देत होती.

२०२३ च्या जूनमध्ये पहिली कळी आली. आणि मग एका रात्री ते फूल उमललं.

इथे जरा थांबतो, कारण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ब्रह्मकमळ आहे त्यांना कल्पना येईल. तसंच पांढरं, तसंच रात्रीचं, पण चांगलं वीतभर लांब-रुंद आणि भरगच्च. संध्याकाळी सातला कळी सैल व्हायला लागते, दहा-साडेदहाला फूल पूर्ण उघडतं आणि सकाळी ऊन चढेपर्यंत माना टाकतं. आईने गच्चीवर उदबत्ती लावली. खालच्या मजल्यावरच्या काकू हळदकुंकू घेऊन आल्या. "आमच्या ब्रह्मकमळासारखंच दिसतंय की," म्हणाल्या. दिसणारच. कारण आपण ज्याला घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतो ते झाडही मेक्सिकोकडचं निवडुंगच आहे, ड्रॅगन फ्रूटचं चुलत भावंडं म्हणा ना. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यफूल, ते सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आपण एका मेक्सिकन निवडुंगाला ब्रह्मदेवाचं नाव दिलं, त्याची पूजा केली आणि ते परदेशी आहे हे सपशेल विसरून गेलो. मला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट तेच फार आवडतं. पण त्यावर नंतर येतो.

पाच दिवसांनी ते फूल देठापासून पिवळं पडून गळलं. फळ नाही. ऑगस्टमध्ये आणखी दोन फुलं आली, तीही गळली. नर्सरीवाल्याला फोन केला तर तो सहज म्हणाला, "साहेब, दुसरी जात आहे का जवळ?" काही लाल जातींना स्वतःचे परागकण चालत नाहीत, दुसऱ्या जातीचे लागतात. पांढऱ्या गराची जात बहुतेक स्वतःच्या परागावर फळ धरते, हिचं तसं नाही. मूळ देशात हे काम रात्री वटवाघळं आणि मोठे पतंग करतात. पुण्यात आठव्या मजल्यावर वटवाघळं येत नाहीत, येतात ती कबुतरं. आणि कबुतरांनी आजवर कोणाचं भलं केलेलं नाही.

मग २०२४ च्या जुलैमध्ये मी काय केलं असेल? कोथरूडला एका मित्राच्या गच्चीवर पांढऱ्या जातीचं झाड आहे. त्याचं फूल उमललं त्या रात्री त्याने पराग एका छोट्या डबीत झटकून फ्रीजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी मी हेल्मेट घालून ती डबी आणली. त्याच रात्री आमचं फूल उमलायचं होतं आणि त्याच रात्री आमच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं. रात्री साडेदहाला कॉलवर सगळे 'गो की नो-गो' करत होते आणि मी म्यूटवर, एका कानात हेडफोन, तोंडात मोबाइलची बॅटरी धरून, मुलीच्या रंगपेटीतल्या ब्रशने फुलाच्या मधल्या चांदणीसारख्या भागावर पराग लावत होतो. तीन फुलं. प्रत्येकी दोन मिनिटं. तेवढ्यात कोणीतरी माझं नाव घेऊन विचारलं, तर मी बॅटरीसकट "गो" म्हणालो. रिलीज नीट झालं. पण त्याहून मोठं काम गच्चीवर झालं होतं.

तीनही फळं धरली. आठवड्यात फुलाच्या बुडाशी हिरवा गोळा फुगला, साधारण महिन्याने त्याने रंग बदलला. बायको म्हणाली, काढ आता, लाल झालं. मी काढलं नाही. कारण एव्हाना मला एक गोष्ट कळली होती, जी मॉलमधल्या त्या थर्माकोलच्या ताटलीने मला कधी सांगितली नसती. आंबा आपण अढीत पिकवतो, केळी घरात ठेवून पिकवतो. ड्रॅगन फ्रूट तसं नाही. ते झाडावरून तोडलं की त्याचं गोड होणं थांबतं, पुढे फक्त मऊ होतं. लांबच्या बाजारात जायचं असेल तर टिकावं म्हणून ते लवकर तोडतात. म्हणजे आपण दहा वर्षं ज्याला बेचव बटाटा म्हणत होतो, ती चव त्या फळाची नव्हतीच. ती प्रवासाची चव होती.

रंग पूर्ण आल्यावर आणखी चार दिवस थांबलो आणि पाचव्या दिवशी पहिलं फळ कापलं. आतून गडद जांभळं-गुलाबी, सुरीलाही रंग लागला. वचनाप्रमाणे पहिली फोड सेक्रेटरी काकांना. दुसरी आईला. आई बराच वेळ चावत राहिली (बियांमुळे तसंही चावावं लागतं) आणि म्हणाली, "बटाटा नाहीये हा." आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्रक कोणालाही मिळालेलं नाही. आंब्याशी तुलना करू नका. पण गोडी होती, थंडावा होता, थोडासा बीट-कलिंगडाचा वास होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बाथरूममध्ये माझी जी काय पाचावर धारण बसली म्हणता! सगळं गुलाबी. डॉक्टरला फोन लावणार इतक्यात आठवलं की हा रंग बीटासारखाच असतो आणि बीटासारखाच पुढे निघतो. लाल गराचं ड्रॅगन खाणाऱ्यांनी एवढी एक टीप लक्षात ठेवा, रात्रीची झोप वाचेल.

आता मुद्द्यावर येतो.

आपण 'एक्झॉटिक' हा शब्द देशाच्या अर्थाने वापरतो, पण माझं म्हणणं असं की तो भावाचा शब्द आहे. सीताफळ अमेरिका खंडातून आलं. पेरू, पपई, अननस, चिकू, काजू, सगळे तिकडचेच. रामफळसुद्धा! राम-सीतेची नावं घेऊन बसलेल्या या पाहुण्यांना आज कोणी एक्झॉटिक म्हणत नाही, कारण ते गाडीवर मिळतात आणि त्यांच्या बिया आपण अंगणात थुंकतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी इंग्रजांनी आणली, २०१० मध्ये तिला महाबळेश्वरच्या नावाने जीआय मानांकन मिळालं. फळ आपलं झालं ते नाव बदलून नाही. 'कमलम' म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा. फळ आपलं होतं ते पुष्कळांनी लावलं, पुष्कळांनी खाल्लं आणि ते स्वस्त झालं म्हणून.

आणि नेमकी इथेच माझ्या शीटची गोची होती. मी धरून चाललो होतो की वीस वर्षं हे झाड जगेल आणि वीस वर्षं हे फळ एक्झॉटिकही राहील. दोन्ही गोष्टी एकदम होत नाहीत. ते झाड जर खरोखर आपल्या माळावर इतकं सहज येत असेल, तर ते माझ्या एकट्याच्या माळावर येणार आहे का? माझ्यासारखाच व्हिडिओ आणखी लाखभर लोकांनी पाहिलेला असतो. ज्या कारणासाठी आपण ते लावतो, त्याच कारणाने त्याचा भाव उतरतो.

हे काही नवीन नाही. व्हॅनिला आठवतंय? तीही मेक्सिकोचीच वेल, तिचंही परागीभवन हातानेच करावं लागतं. २००० साली मादागास्करला वादळाने झोडपलं, जगात भाव भडकला, २००३ च्या आसपास तो शिखरावर होता आणि केरळ-कर्नाटकात घरोघरी वेली चढल्या. वेलींना शेंगा लागेपर्यंत भाव कोसळला होता. आपल्याकडे सफेद मुसळी झाली, इमू झाले, आणि २०१९ सालचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण सांगली-कोल्हापूरकडच्यांना तर मी नव्याने सांगायला नकोच. व्हिएतनाममध्ये ड्रॅगन फ्रूट इतकं मुरलंय की थंडीत दिवस लहान झाले तरी फुलं यावीत म्हणून शेतकरी रात्रभर शेतात बल्ब लावतात. पण २०२० च्या फेब्रुवारीत कोविडमुळे चीनकडे जाणारा माल अडला आणि तिथलाही भाव धाडकन पडला. हो ची मिन्ह सिटीतल्या एका बेकरीने तो माल खपावा म्हणून ड्रॅगन फ्रूटचा गुलाबी पाव काढला, लोकांनी रांगा लावून तो खाल्ला. मुरलेल्या पिकाची ही गत, तर नवख्याची काय?

म्हणून मी आता मित्रांना दोनच गोष्टी सांगतो. एक, हे फळ बेचव आहे असं म्हणायचं असेल तर आधी घरी लावा. अर्धा ड्रम, एक पाइप, एक टायर आणि अडीच-तीन वर्षांचा धीर. रोज अर्धा तास द्यावा लागत नाही, पण ज्या रात्री द्यावा लागतो त्या रात्री 'उद्या बघू' चालत नाही. नवशिक्याने पांढऱ्या गराची जात घ्यावी, म्हणजे माझ्यासारखी डबी घेऊन हिंडायची वेळ येणार नाही. दोन, हे फळ सोन्याची खाण आहे असं म्हणायचं असेल तर शीटमध्ये भावाच्या रकान्यात पेरूचा भाव घाला. त्यानंतरही गणित जमत असेल तर खुशाल लावा. जमत नसेल तर तुम्ही शेती करत नव्हता, तुम्ही नवलाईवर पैसे लावत होता. तेही करा हवं तर, पण मग भावाची जमीन त्यात ओढू नका.

हा शेवटचा भाग मला स्वतःलाच सांगायचा होता.

कारण दादाने माझी वाट पाहिली नाही. २०२२ मध्ये त्याने स्वतःच्या हिमतीवर वीस गुंठे ड्रॅगन लावलं, पांढरं आणि लाल आलटून पालटून. उरलेल्या दीड एकरात ज्वारी, तूर, थोडा चारा. मी त्याच्या खांबांना पैसे दिले, उसने म्हणून नाही आणि भागीदारी म्हणूनही नाही. त्याने तेवढेच घेतले, सहा लाखांचं नाव काढलं नाही. गेल्या वर्षी बांधावर व्यापारी आला तो किलोला चाळीसने मागायला लागला. मी घरी येऊन जुनी शीट उघडली आणि दीडशेच्या जागी चाळीस टाकले. पावणेसात लाखांचे एक लाख ऐंशी हजार झाले. खर्च त्याच्या खाली तसाच उभा होता, शेडनेटसकट. दोन एकर लावलं असतं, तर माझी नोकरी होती म्हणून मी वाचलो असतो. दादाकडे दुसरी कुंडी नव्हती.

त्याला विचारलं, आता रे काय करणार? तर म्हणाला, "काय करायचंय. वीस गुंठंच हाय की. त्यातलं चांगलं मी सवता जतच्या बाजारात बसून इकतो. पोरं बी खात्यात आता." पोरं बी खात्यात! माझ्या शीटमध्ये या ओळीला रकानाच नव्हता. २०२१ मध्ये दुबईला जाणारं फळ आज जतच्या पोरांच्या हातात आहे. शेतकऱ्याच्या खिशाला हे परवडेल का हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण फळाच्या बाजूने विचाराल, तर ते आता घरी पोचलंय.

परवा त्या गाडीवाल्याकडून मी शंभराचे चार घेतले. घरी येऊन कापले, थोडे लवकर तोडलेले होते. आईने एक फोड खाल्ली, काही बोलली नाही, वर चाट मसाला घातला आणि उरलेल्या संपवल्या. एक्झॉटिक फळाला चाट मसाला लागला म्हणजे त्याचं नागरिकत्व पक्कं झालं असं समजायला हरकत नाही.

असो. गच्चीवर आज दोन कळ्या सैल झाल्या आहेत, कोथरूडहून डबी आलेली आहे आणि सव्वानऊ वाजलेत. ब्रश मुलीने कुठे ठेवलाय ते शोधतो.